एकाच आईच्या एकतीस मरळी

चांगुणाबाई बोलताना गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत, माशाकडे बघतात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेच्या टोकाला जो मासळीचा दगडी कट्टा आहे, तिथे गेली तीस वर्षं हे असंच चाललं आहे आणि कोणाला त्यात अपमान वाटलेला नाही. उजव्या हाताशी राखेचं घमेलं, डाव्या हाताशी निळा टब, समोर चिंचेचा ओंडका. मरळ टबातून काढायची तर आधी हाताला राख लावावी लागते, नाहीतर ती साबणासारखी निसटते. राख लावायची, मानेशी धरायची, ओंडक्यावर ठेवायची, एकच घाव. दुसरा घाव घालावा लागला तर चांगुणाबाई त्या माशाला वजनात सूट देतात. अशी सूट आजवर चारदा दिली आहे आणि चारही वेळा चूक गिऱ्हाइकाची होती. गिऱ्हाईक मध्येच बोललं होतं.

मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, काळपट अंगाचा, हवेतही श्वास घेणारा मासा. काटे कमी, मांस घट्ट. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, हाड मोडलेल्याला सोलापुरात मरळीचं कालवण देतात. विणकरांच्या तेलुगू घरांत तिला कोर्रमीनू म्हणतात आणि तिच्याबद्दल आदराने बोलतात. ती जिवंतच विकत घ्यायची असते. मेलेली मरळ घेणारा माणूस कट्ट्यावर ओळखीचा राहत नाही.

चांगुणाबाईंचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. घरात मराठी, काठावर कानडी. लग्न होऊन आल्या त्या मंद्रूपच्या बाजूला, सीनेकाठी. सासूबाई गोजरबाई या कट्ट्यावर बसायच्या. गुडघे धरले तेव्हा त्यांनी सुनेला आणून स्वतःच्या जागेवर बसवलं आणि एकच धडा दिला, "माल कुटला हाय ते आधी सांगायचं, भाव मागनं." चांगुणाबाईंनी तो धडा जरा जास्तच मनावर घेतला. त्या भाव विचारलेल्यालाही आधी नदी सांगतात.

मुलीच्या शाळेसाठी म्हणून त्या शुक्रवार पेठेत एक खोली घेऊन राहिल्या. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, खोली राहिली. नवरा जोतिराम गावीच असतो. रोज सकाळी दुधाच्या गाडीवर एक प्लास्टिकचं पिंप येतं, आठवड्यातून दोन-तीनदा त्यात मरळ असते. एखादी, फार तर दोन. चिलापी आणि कटला हे मासे चांगुणाबाई ठोक बाजारातून उचलतात, त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत. बोलतात ते मरळीबद्दल. "नदीची हाय. सीनेची. शेततळ्यात गोळ्या खाऊन फुगलेली न्हवं."

हे शेवटचं वाक्य अभिमन्यूसाठी असतं.

अभिमन्यू बत्तीस वर्षांचा, शेतकी पदवी घेतलेला. घरच्या शेतात त्याने दोन शेततळी केली, बाहेरून मरळीचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, आणलं, आणि दोन वर्षांपूर्वी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पंप लावलेली काचेची पेटी घेऊन बसला. पेटीवर पाटी: ‘शेततळ्याची जिवंत मरळ’. त्याने कधी नदीचं नाव घेतलं नाही. पण रोज सकाळी दहा हातांवरून ‘गोळ्या खाऊन फुगलेली’ ऐकलं, की माणूस कधीतरी तोंड उघडतोच.

त्याने जुलैत उघडलं. कट्टा भरलेला होता.

"मावशी, एक इच्यारू का? सीनेत पाणी कवा असतंय? धरणातनं सोडतील तवा. मग आठवड्याला तीन-तीन मरळी तुमाला कुटनं गावत्यात?"

"नदीतनं."

"आवो, पण नदीत पाणी..."

"डोहात असतंय. तुला डोह म्हाईत हाय का? पुस्तकात नसतोय त्यो."

लोक हसले. अभिमन्यू हसला नाही. "तुमचीबी तळ्याचीच हाय, मावशी. खरं सांगा की. कोण मारतंय तुमाला?"

चांगुणाबाई उठल्या. या कट्ट्यावर एक जुनी रीत आहे. मालाबद्दल वाद झाला तर विकणारी बाई काट्याच्या पारड्यावर हात ठेवते आणि खोटं निघालं तर पारडं पालथं घालीन म्हणते. पालथं घातलेलं पारडं जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत सरळ करता येत नाही, तोवर तो मासा विकायचा नाही. आता काटे इलेक्ट्रॉनिक झालेत. पारडं म्हणजे स्टीलचं ताट, ते पालथं घातलं तर भांडी घासायला ठेवल्यासारखं दिसतं. पण अर्थ तोच आहे. गेल्या वीस वर्षांत तो हात कोणी ठेवला नव्हता.

चांगुणाबाईंनी ठेवला. "माजी मरळ नदीची न्हाय निघाली तर पारडं पालथं."

"निघणार कशी पण?" अभिमन्यू म्हणाला. "मासा काय बोलतोय?"

तेव्हा ओंडक्याच्या बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली एक मुलगी म्हणाली, "थोडंसं बोलतो."

ही अक्षता. वय सव्वीस, राहणार अक्कलकोट, शहरातल्या एका कॉलेजातून पीएचडी करते. विषय: भीमा आणि सीनेच्या खोऱ्यातल्या मरळींच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए. घर पक्कं शाकाहारी. महिन्याभरापूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तोंडाला दोन मास्क होते आणि मासा धरायला चिमटा होता. चांगुणाबाईंनी चिमट्याकडे बघून विचारलं होतं, "लगनाला आलीस का इंजेक्शन द्यायला?" आणि तिच्या दोन्ही हातांना राख फासली होती. तेव्हापासून मास्क एक झाला.

तिला हवा होता प्रत्येक मरळीच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, नखाएवढा तुकडा. तिने दिलेल्या बारक्या नळ्यांत स्पिरिट होतं, नळीवर तारीख लिहायची, तुकडा आत टाकायचा. मरळ आली की चांगुणाबाई ते काम तिच्यापेक्षा चोख करत होत्या. मात्र टोमणा मारल्याशिवाय नाही.

"मासा खात न्हाईस, आन् त्येची आय शोधतीस?"

"आईच सापडते, मावशी. बाप सापडत नाही."

"माणसातबी तसंच हाय."

आता सगळा कट्टा तिच्याकडे बघत होता, म्हणून अक्षताने समजावून सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. पेशीला लागणारी ताकद तिथे तयार होते. त्या कणांचा स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो आणि तो पिल्लाला फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. त्यामुळे एका आईच्या सगळ्या लेकरांवर एकच ठसा. नदीत पुष्कळ आया असतात, म्हणून नदीच्या मरळींत पुष्कळ ठसे निघतात. बाहेरून आणलेल्या बियाण्याचे ठसे बहुधा इकडच्या नदीतल्यांशी जुळत नाहीत.

"म्हणजे माशाचा पत्ता कळतो?" अभिमन्यूने विचारलं.

"पत्ता नाही कळत," अक्षता म्हणाली. "माहेर कळतं."

हे कट्ट्याला लगेच पटलं. चांगुणाबाईंनी सुरा धुतला. "मग काड माज्या मरळींचं म्हायार. आन् ह्येच्या पेटीतल्यांचंबी काड."

"काढा की," अभिमन्यू म्हणाला. "मी कुटं नदी म्हणलोय?"

जुलै ते ऑक्टोबर चांगुणाबाईंनी एकतीस नळ्या भरल्या. चार महिन्यांत त्यांच्याकडे मरळी त्याहून थोड्याच जास्त आल्या होत्या, म्हणजे जवळजवळ सगळ्यांचे तुकडे नळ्यांत गेले. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली नाही. उलट सावित्रम्मा नावाच्या एक जुन्या गिऱ्हाईक, ज्यांच्या घरात टॉवेलचे माग आहेत, त्या नळीवर आपलं नाव लिहायला सांगायच्या. "आमचा कोर्रमीनू सायन्सला गेला," असं त्या गल्लीत सांगत. सावित्रम्मांचा आणखी एक दावा होता. नदीची मरळ आणि तळ्याची मरळ त्यांना जिभेवर कळते. एकदा अभिमन्यूकडची मरळ पाहुण्यांसाठी नेली तर रश्श्याला चिखलाचा वास आला, असं त्या म्हणत. आणि चांगुणाबाईंच्या मरळीबद्दल म्हणत, "वाहत्या पाण्याची चव वेगळीच असती बघा."

तुकडे बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर निकाल आला आणि अक्षता आठवडाभर कट्ट्यावर फिरकली नाही. आठव्या दिवशी आली तेव्हा तिच्या हातात छापलेले कागद होते आणि चेहरा असा, की चांगुणाबाईंनी आधी तिला पाणी दिलं.

"मावशी, रागावू नका. एक विचारते. तुम्ही एकाच माशाचे तुकडे सगळ्या नळ्यांत भरले का?"

चांगुणाबाईंनी सुरा खाली ठेवला. "काय?"

"एकतीसच्या एकतीस नळ्यांत एकच ठसा आलाय. मला वाटलं माझीच चूक. आठ नमुने पुन्हा तपासून घेतले. तेच आलं. सीना आणि भीमेच्या तीन ठिकाणच्या लोकांकडून मी चव्वेचाळीस मरळी तपासल्या, त्यांच्यात सात ठसे आहेत. अभिमन्यूदादांच्या बारा मरळींतसुद्धा तीन आहेत. तुमच्या एकतीसमध्ये एक."

"मी दर येळी येगळ्या माशाचा तुकडा घेतलाय. ही सावित्रम्मा बसलीया, इच्यार तिला."

"माझ्यासमोर कापलाय," सावित्रम्मा म्हणाल्या. "चारदा. माझं नाव पण लिहिलंय."

"तेही मी बघितलं," अक्षता म्हणाली. "दुसरी एक तपासणी असते, त्यात बापाकडचंही दिसतं. त्यात एकतीस मासे वेगवेगळे निघाले. पण सगळी भावंडं. म्हणजे मासे एकतीस, आई एक."

अभिमन्यू पेटीपासून चालत येऊन उभा राहिला होता. "नदीचा ठसा हाय का, ते सांगा की मॅडम."

"नदीतल्या सातांपैकी एक आहे. म्हणजे आई इकडचीच. बाहेरचं बी नाही."

"मग मी जितली," चांगुणाबाई म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांनी अर्धवटच म्हटलं. त्या माशाकडे बघत होत्या.

त्या दिवशी टबात एक मरळ होती. सकाळीच पिंपातून आलेली. चांगुणाबाईंनी हाताला राख लावली, ती बाहेर काढली आणि उजेडात धरली. मग जे झालं ते सांगताना कट्ट्यावरचे लोक आजही आवाज खाली आणतात. चांगुणाबाई मोठ्याने विचार करायला लागल्या, आणि तो सगळा विचार त्यांनी स्वतःच्या विरुद्ध केला.

"मरळ पिलांना जपती. लाल पिलांचा गोळा घिऊन फिरती, महिनाभर. मग पिलं मोठी झाली की ज्ये ते आपल्या वाटंनं. नदीत एका आयची एकतीस लेकरं चार महिनं एका जागी घावत न्हाईत. पाण्यानं वर-खाली जात्यात, एकमेकांस्नी खात्यात." त्यांनी मरळीच्या पोटावरून अंगठा फिरवला. "गढूळ पाण्यातली मरळ फिकी असती. ही काळी हाय. लई काळी. दीड वरीस झालं काळीच येतीया. मी गिऱ्हाइकास्नी म्हणत हुते, औंदा डोह खोल हाय म्हणून."



"जितनं लांब जाता येत न्हाय, आन् जितं ऊन पडत न्हाय," चांगुणाबाई म्हणाल्या आणि मरळ टबात सोडली. "विहीर."

दुसऱ्याची मरळ त्या अंगठ्याने ओळखत होत्या. घरून आलेल्या पिंपात मात्र त्यांनी दीड वर्षात अंगठा घातला नव्हता. नवऱ्याने पाठवलेला माल कोण तपासतं?

दुपारच्या गाडीने त्या गावी गेल्या. अक्षताही बरोबर गेली, तिला विहीर बघायची होती. रस्ताभर चांगुणाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पीएचडीच्या चार वर्षांतला सर्वात भीतीदायक प्रवास तोच होता, असं अक्षताचं मत आहे.

जोतिराम विहिरीवरच सापडला. चुलतभावाच्या पडीक रानातली, दगडांनी बांधलेली, आंब्याच्या सावलीतली जुनी विहीर. काठावर बसून त्याने गळ सोडला होता, गळाला बेडूक. पावलं वाजली तशी त्याने मान वळवली, पण ओळखलं नाही.

"कोन हाय?"

"मी हाय."

जोतिरामने गळ सोडून दिला. दोरी पाण्यात गेली.

"नदी कुटं हाय हितं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"हाय की... तिकडं."

"आन् तुमी?"

चांगुणाबाईंनी पायातली चप्पल काढून हातात धरली. अक्षता दोन पावलं मागे सरकली.

"माज्या हातात काय हाय?"

जोतिरामने डोळे बारीक केले. "पिशवी."

"चप्पल हाय."

"चप्पल कशाला घेतलीस हातात?"

"डोळं तपासायला." चांगुणाबाईंनी चप्पल परत पायात घातली. "कवापासनं दिसत न्हाय?"

तेव्हा मग सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्याने जवळजवळ काहीच नाही, उजव्याने धूर दिसल्यासारखं. जाळ्याचे तरंगते बोळे दिसेनात, एकदा पुलाखाली पाय घसरून गळ्याएवढ्या पाण्यात गेला, तेव्हापासून नदी बंद. त्याआधीच्या पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी त्याला लाल पिल्लांचा गोळा दिसला होता. आईला हात लावायचा नाही, ही घरची रीत. त्याने घागरभर पिल्लं उचलली आणि विहिरीत सोडली. विहिरीत डास फार झाले होते. पिल्लांनी आधी डास संपवले, मग बेडूक, मग एकमेकांना खाल्लं. उरली ती किलो-किलोची झाली. गळाला ओढ लागली की हाताला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत.

"मला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगणार हुतो."

"कवा?"

"तू फोनवर सांगितलंस, कट्ट्यावर पारड्यावर हात ठिवला म्हणून. त्याच्या आधी सांगणार हुतो." जोतिरामने जरा विचार केला. "तू तिकडं नदीची-नदीची म्हणून वरडतीस. मी हिकडनं कुटल्या तोंडानं म्हणू, आगं विहीर म्हण?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य निघण्याचे प्रसंग कमी आले होते, आणि हा त्यांतला एक नेमका परक्या मुलीसमोर आला. अक्षता मात्र खुशीत होती. एका माहीत असलेल्या आईची, माहीत असलेल्या तारखेला सोडलेली पिल्लं, असा नमुना संशोधकाला मागून मिळत नाही. तिने विचारलं, विहिरीत अजून किती असतील?

"चाळीसेक," जोतिराम म्हणाला.

"सोडून दिऊ नदीत," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्येंच्या आयकडं."

"नको!" अक्षता ओरडली. "माझे नदीचे नमुने अजून राहिलेत! ही चाळीस तिथे गेली तर पुढच्या वर्षी मला सगळी सीना एकाच आईची दिसेल!"

मरळी विहिरीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई कट्ट्यावर आल्या आणि काट्याजवळ उभ्या राहिल्या. बातमी आधीच पोचली होती. त्यांनी पारड्याला हात लावला, तेवढ्यात एक अनपेक्षित गोष्ट झाली. कट्टा त्यांच्या बाजूने नव्हता, विरुद्धही नव्हता. कट्ट्याला हे प्रकरण दाबायचं होतं.

"अम्मा, गप बसा ना," सावित्रम्मा कुजबुजल्या. "कोण विचारतंय? अख्ख्या गल्लीत मी सांगितलंय, वाहत्या पाण्याची चव मला कळती. आता दीड वर्ष विहिरीची खाल्ली म्हणून सांगू?"

एक निवृत्त मुख्याध्यापक दर रविवारी मरळ नेत. त्यांनी सुचवलं, की विहिरीचे झरे मुळात नदीचेच असतात, तेव्हा भूगोलाच्या दृष्टीने विधान चुकीचं ठरत नाही. आणखी दोघांनी मान डोलावली. त्यांनीही आपापल्या पाहुण्यांना नदीची चव समजावून सांगितली होती.

शेवटी अभिमन्यू आला. कालपासून त्याच्या पेटीकडे कोणी फिरकलं नव्हतं. जिंकल्याबद्दल लोक त्याच्यावर नाराज होते.

"मावशी, मी आपलं बोललो हुतो. जाऊ द्या की."

"तू बोललास त्ये खरं निघालं. खऱ्याला जाऊ द्या म्हणत्यात व्हय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "पर तूबी अर्धाच खरा. तू तळं म्हणलास. विहीर निघाली."

आणि त्यांनी पारडं पालथं घातलं. चिलापी आणि कटला तोलायला शेजारणीचा काटा मागून घेतला. जत्रेला दोन महिने होते. येणारा-जाणारा विचारायचा, मावशी, हे ताट उपडं का? चांगुणाबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या: पेशी, पेशीतले कण, आईचा ठसा, घागरभर पिल्लं, नवऱ्याचे डोळे. डिसेंबरपर्यंत त्यांना ते इतकं साधलं, की अक्षताने आपल्या दोन ज्युनिअर मुलींना ऐकायला आणून बसवलं. एक दुरुस्ती मात्र तिला करावी लागली. चांगुणाबाई ‘बापाचा काय बी उपेग नसतो’ असं सांगत होत्या. अक्षता म्हणाली, या डीएनएपुरता नसतो. चांगुणाबाई म्हणाल्या, "त्येच म्हणते मी."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोतिरामच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो पंधरा दिवस शुक्रवार पेठेतल्या खोलीत हिरवा चष्मा लावून बसला आणि परत जाताना म्हणाला, खोलीला रंग द्यायला झालाय. चांगुणाबाईंनी हे डोळा बरा झाल्याचं लक्षण धरलं.

जत्रा झाली. पारडं सरळ झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी दुधाच्या गाडीवरून पिंप आलं आणि त्यात एक मरळ होती, फिकट राखाडी, सव्वा किलोची. फोन आधीच आला होता: नदीची आहे. सावित्रम्मा सकाळी सातलाच पिशवी घेऊन उभ्या होत्या.

चांगुणाबाईंनी मरळीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. पोट बघितलं. रंग बघितला. मग सुऱ्याने पराचा नखाएवढा तुकडा काढला, नळीत टाकला आणि मरळ परत टबात सोडली.

"कापा ना," सावित्रम्मा म्हणाल्या.

"निकाल आल्याबिगर न्हाय."

"किती दिवस?"

"तीन आठवडं."

"तुमाला बघून कळत नाही का आता?"

"कळतंय. नदीची हाय." चांगुणाबाईंनी हात धुतले. "मागच्या बारीलाबी मी हेच म्हणत हुते."

मरळ तीन आठवडे टबात राहिली. कट्ट्यावरच्या बायका तिला चिलापीचे तुकडे टाकायच्या. अभिमन्यूने आपला जादा पंप आणून लावला, मरळीला ती हवा लागत नाही हे त्याला माहीत असूनही. सावित्रम्मा एक दिवसाआड येऊन बघून जात आणि दर वेळी म्हणत, थोडी जाड झाली.

फेब्रुवारीत अक्षता धावत आली. ठसा विहिरीतल्या मरळींच्या आईचा नव्हता. नदीतल्या सातांपैकीही नव्हता. आठवा होता, आजवर तिच्या यादीत नसलेला. तिला मासा अख्खा हवा होता, कॉलेजात बरणीत ठेवायला. सावित्रम्मा म्हणाल्या, तीन आठवडे मी वाट बघितलीय, बरणी काय बघितलीय? दोघींचं बोलणं वाढायला लागलं तशी चांगुणाबाईंनी हाताला राख लावली आणि एका घावात निकाल लावला. अक्षताला शेपटी आणि कल्ल्याजवळचा तुकडा, फोटो काढायला दोन मिनिटं. बाकी सावित्रम्मांच्या पिशवीत.

अक्षताने स्टुलावर बसून अर्ज भरायला घेतला. माशाचं नाव, तारीख, वजन. संकलक: जोतिराम. ठिकाण: सीना नदी.

"काय लिवलंस?" चांगुणाबाईंनी विचारलं. अक्षताने वाचून दाखवलं.

"नुसतं सीना नगं. सीना लई लांब हाय." त्यांनी फोन लावला आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असा मोठा केला. "ती मरळ कुटं घावली हुती?"

"सांगितलं की. नदीत."

"नदीत कुटं?"

"जुन्या पुलाच्या खाली. डाव्या अंगाला, बाभळीपाशी."

"विहिरीपासनं किती लांब?"



"दीड कोस," जोतिराम म्हणाला.

"लिव," चांगुणाबाई अक्षताला म्हणाल्या.

अर्जात विहिरीपासूनच्या अंतरासाठी रकाना नव्हता. अक्षताने पट्टी काढली आणि तो आखला.